चार स्क्रूंच्या आतले कुलूप

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, जेमतेम आठ फुटी एका दुकानात, २०२२ च्या पावसाळ्यात मी दोन बॉक्स शेजारी शेजारी उघडे पडलेले पाहिले. एक कोथरूडच्या कुठल्याशा सोसायटीचा होता, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर. दुसरा माझा. घरातल्या टीव्हीखाली दहा वर्षे मुकाट बसून छपरावरच्या डिशमधून येणारे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा. दुकानातल्या तरुणाने सोसायटीच्या बॉक्सचे चार स्क्रू काढले, झाकण उचलले, एक टेराबाइटची जुनी हार्डडिस्क काढून चार टेराबाइटची नवी बसवली, वायरी जोडल्या. पडद्यावर फॉरमॅट करू का, असा प्रश्न आला, त्याला ‘हो’ म्हटले. वीस मिनिटांत काम आटोपले. सोसायटीचे सेक्रेटरी जुनी डिस्क पिशवीत घालून निघाले तेव्हा तरुणाने त्यांना बजावले, ‘‘जपून ठेवा, कधी मागचं बघायची वेळ आली तर लावून बघता येईल.’’

माझ्याही बॉक्सला चारच स्क्रू होते. आतली डिस्कही साधारण त्याच जातीची. तिच्यातून आठवडाभर टक् टक् असा आवाज येत होता, चित्र मध्येच चौकोन चौकोन होऊन थिजत होते. शिवाय ती गेली कित्येक वर्षे काठोकाठ भरलेली. म्हटले, बदलायचीच आहे तर मोठी बसवू, म्हणजे रोजची पुसापुशी थांबेल. तरुणाने झाकण उचलले, आत डोकावला आणि म्हणाला, ‘‘काका, डिस्क बदलता येईल. पण आतलं काही यायचं नाही.’’

वॉचमन किती वाजता पेंगला हे टिपणारे यंत्र कुणालाही उघडता येते, वाढवता येते, त्याची जुनी डिस्क पिशवीत घालून घरी नेता येते. आणि माझ्या घरात, मी पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात, मी बटण दाबून साठवलेले कार्यक्रम मात्र मला दुसऱ्या डिस्कवर नेता येत नाहीत. हा फरक यंत्रातला नाही. तो कुणीतरी ठरवून केलेला आहे, आणि ठरवताना आपल्याला विचारलेले नाही.

आधी हे यंत्र चालते कसे ते थोडे सांगायला हवे, कारण दुकानात जाईपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हते. माझी समजूत अशी, की आपण रेकॉर्डचे बटण दाबले की डिस्क फिरते, एरवी ती स्वस्थ असते. तसे नसते. चालू कार्यक्रम मध्येच थांबवून, चहा टाकून येऊन पुन्हा पुढे चालू करण्याची जी सोय असते, तिच्यासाठी बॉक्स दिसणारे प्रत्येक दृश्य सतत डिस्कवर लिहीत असतो. टीव्ही बंद करून आपण झोपलो तरी मागे बॉक्स चालूच राहिला, तर डिस्क रात्रभर फिरते. म्हणून या यंत्रांत संगणकाच्या डिस्कपेक्षा वेगळ्या जातीची डिस्क घालतात. ती सावकाश फिरते, कमी आवाज करते, कमी तापते. संगणकाची डिस्क एखादा भाग वाचता आला नाही की पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कारण हिशेबाच्या तक्त्यातला एक आकडा चुकून चालत नाही. रेकॉर्डरची डिस्क तो नाद सोडून पुढे जाते. क्षणभर चौकोन दिसले तरी चालतील, चित्र थांबता कामा नये. सीसीटीव्हीचा धंदाही याच तत्त्वावरच्या डिस्कांवर चालतो, आणि गल्लीबोळांतून कॅमेरे लागल्यापासून त्या तपकीर गल्लीत किराणा मालासारख्या विकल्या जातात.

इतके सोसूनही डिस्क ही फिरती, झिजती वस्तू आहे. स्कूटरचे टायर बदलावे लागतात तशी ती कधीतरी बदलावी लागणारच. त्यात आपण बॉक्स टीव्हीच्या कपाटात कोंबतो आणि वर क्रोशाचा रुमाल घालतो. आमच्याकडे रुमालावर पितळेचा गणपतीही होता. तरुणाने झाकणावरचा गोल डाग पाहून, ‘‘वर काय ठेवत होता?’’ असे विचारले तेव्हा मी उत्तर दिले नाही.

आता ‘जागा वाढवणे’ म्हणजे काय ते पाहा. माझ्या बॉक्सची डिस्क ५०० गिगाबाइटची. एचडी वाहिनीचे चित्र सेकंदाला साधारण ८ मेगाबिट धरले तर तासाला ३.६ गिगाबाइट होतात. म्हणजे कागदावर सुमारे १४० तास. साध्या वाहिन्यांना जागा बरीच कमी लागते, त्यामुळे प्रत्यक्षात तास वाढतात. पण थांबवून पाहण्याच्या सोयीसाठी काही भाग राखून ठेवलेला असतो, तेवढे ते कमीही होतात. घरात चार माणसे. दोन वर्षांत डिस्क भरली आणि मग जे सुरू झाले त्याला गृहकलह म्हणणे जास्त होईल, पण दुसरा शब्द आठवत नाही. मुलाने नोव्हेंबर २०१३ मधला सचिन तेंडुलकरचा वानखेडेवरचा निरोपाचा सामना धरून ठेवलेला. तो पुसायचा नाही. आईची सह्याद्री वाहिनीवरची कीर्तने, तीही पुसायची नाहीत. मी जमवलेल्या मुलाखती आणि मैफली होत्या. बायकोचे काहीच नव्हते. तिला आवडलेले ती त्याच दिवशी पाहून मोकळी होई, आणि म्हणून न्यायाधीशाची जागा आपोआप तिच्याकडे आली. पडद्याच्या कोपऱ्यात ‘७ टक्के शिल्लक’ असे दिसले की रविवारी दुपारी न्यायासन भरे. दर वेळी माझ्याच मैफली का जात, याचा खुलासा मला आजवर झालेला नाही.

या सगळ्यात आईचे एक रेकॉर्डिंग होते. २०१४ च्या जूनमध्ये पालख्या पुण्यात आल्या तेव्हा ती दरवर्षीप्रमाणे लक्ष्मी रस्त्यावर राजगिऱ्याचे लाडू घेऊन उभी होती. एका वृत्तवाहिनीच्या वार्ताहराने तिच्यापुढे माईक धरला. ती जे बोलली ते अकरा सेकंदांचे आहे. तिने घरी फोन केला, आणि बातमी तासाभराने पुन्हा लागली तेव्हा आम्ही ती रेकॉर्ड केली. आई २०१७ साली गेली.

पुण्याला टीव्ही नवा होता तेव्हा असे काही जपण्याचा प्रश्नच नव्हता. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागले, आणि त्या दशकात ज्यांच्याकडे संच होता त्यांच्या दिवाणखान्यात गल्ली गोळा होई. दिसले ते दिसले. ‘गजरा’ हुकला की हुकला. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर मध्यमवर्गीय घरात शिरला तो १९८२ च्या आशियाई खेळांनंतर, रंगीत संचांच्या मागोमाग. तोही बहुतेकांच्या घरी भाड्याने, शनिवारी रात्री, तीन सिनेमांसह. पण ज्यांनी विकत घेतला त्यांच्या हाती एक अपूर्व गोष्ट आली. दूरवरून येणारे चित्र पकडून आपल्या गोदरेजच्या कपाटात ठेवण्याची.

त्या कॅसेटला एक रीत होती. तीन तासांची टेप. कडेला नावाची पट्टी, त्यावर खोडून खोडून लिहिलेली चार-पाच नावे. पाठीवर प्लास्टिकची एक छोटी चकती असे. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड करता येत नसे. मन बदलले तर त्या भोकावर सेलोटेपचा तुकडा चिकटवायचा. जपणे आणि पुसणे या दोहोंचा अधिकार असा नखाच्या आणि सेलोटेपच्या अंतरावर होता, आणि तो घरच्यांचा होता. शेजाऱ्याला प्रत हवी असेल तर त्याचा व्हीसीआर उचलून आणायचा, दोन यंत्रे वायरीने जोडायची आणि तीन तास वाट पाहायची.

हा काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या पावसाळ्याने त्या कॅसेटींची वाट लावली. टेपवर पांढरी बुरशी धरली की ती डोक्याला चिकटे, आणि यंत्र कॅसेट गिळून बसे. प्रतीची प्रत काढली की चेहरे गुलाबी धुक्यात जात. डिस्कवरचे चित्र याहून शतपटीने चांगले. सोय तर विचारूच नका. आठवडाभर आधी सांगून ठेवले की मालिका आपोआप रेकॉर्ड होते. म्हणून तर आपण हसत हसत कपाटातून डिस्ककडे आलो. येताना चकती आणि सेलोटेप मागे राहिले, हे ध्यानात आले नाही.

पुण्यात केबल टीव्ही आला तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. भिंतीतून येणारी वायर सरळ व्हीसीआरला जोडली की एक वाहिनी पाहत दुसरी रेकॉर्ड करता येई. ३१ मार्च २०१३ ही पुण्यासह ३८ शहरांसाठी केबलच्या डिजिटल रूपांतराची मुदत होती. तिच्यानंतर जुनी वायर मुकी झाली. प्रत्येक वाहिनी कुलूपबंद होऊन येऊ लागली आणि किल्ली सेट-टॉप बॉक्समध्ये राहिली. त्या रूपांतराचे फायदे खरे होते. चित्र सुधारले, केबलवाल्याचा हिशेब उजेडात आला. पण घरातले जुने रेकॉर्ड करण्याचे साधन त्या दिवशी निकामी झाले, याची बातमी मी कुठे वाचलेली नाही.

डिशवाल्यांकडे त्याआधीच रेकॉर्ड करणारा बॉक्स आला होता. २००८ साली टाटा स्कायने ‘प्लस’ नावाने १६० गिगाबाइटचा बॉक्स आणला, मागोमाग इतरांनीही आणले. या जातीच्या बॉक्समध्ये रेकॉर्ड झालेला कार्यक्रम डिस्कवर उघडा पडलेला नसतो. तो सांकेतिक रूपात असतो आणि उलगडणारी किल्ली बॉक्सच्या चिपमध्ये व ग्राहकाच्या कार्डात असते. डिस्क काढून संगणकाला जोडली तर अर्थहीन आकड्यांची रास दिसते. अनेक बॉक्समध्ये तर वर्गणी थांबली की जुने रेकॉर्डिंगही दिसेनासे होते. म्हणजे कपाट माझे, आतल्या वस्तू मी ठेवलेल्या, पण दर महिन्याचे भाडे चुकले की दार लागत नाही, उघडत नाही.

अमेरिकेत याची सुरुवात १९९९ मध्ये टिवोने झाली. पहिल्या बॉक्समध्ये १४ किंवा ३० तासांची जागा होती, आणि ती कुणालाच पुरेना. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या एका वर्गमित्राने आपला टिवो स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडला होता. त्या देशातल्या अर्ध्या हौशी लोकांनी तेव्हा तेच केले. चांदणीच्या आकाराचा स्क्रूड्रायव्हर आणायचा, डिस्क काढून घरच्या संगणकाला जोडायची, सगळीच्या सगळी नव्या, मोठ्या डिस्कवर उतरवायची, वाढलेली जागा बॉक्सला ओळखवायची आणि परत बसवायची. एकच काळजी घ्यायची. विजेचा भाग आत उघडाच असे, त्याला बोट लावायचे नाही. सुरुवातीच्या यंत्रांना १३७ गिगाबाइटच्या पुढचे दिसत नसे, कारण डिस्कवरच्या कप्प्यांचे पत्ते लिहायला २८ अंकांचीच जागा होती. त्यावरही लोकांनी तोड काढली. वॉरंटी जाई. कंपनीने मात्र या उद्योगाकडे काणाडोळा केला. वर्गणी चुकवली नाही म्हणजे झाले, एवढेच तिला हवे होते.

यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. टिवोच्या पुढच्या पिढीत रेकॉर्डिंग सांकेतिक होऊ लागले, तरीही डिस्क बदलताना जुने कार्यक्रम सोबत नेता येत. कारण किल्ली डिस्कमध्ये नव्हती, बॉक्समध्ये होती. तीच नवी डिस्क दुसऱ्याच्या बॉक्समध्ये घातली तर काही दिसत नसे. ज्यांची मालकी आहे त्यांचे कुलूप शाबूत, आणि ज्याने रेकॉर्ड केले त्याचे रेकॉर्डिंगही शाबूत. मग अडचण कुठे आली? चोरीची भीती हे डिस्क न बदलू देण्याचे कारण असूच शकत नाही. माझा कार्यक्रम माझ्याच बॉक्समध्ये जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर गेला, तर सिनेमाच्या निर्मात्याचे एका पैशाचे नुकसान होत नाही.

तपकीर गल्लीतल्या तरुणाने हे करून पाहिले. दोन डिस्का शेजारी बसवायचे एक यंत्र त्याच्याकडे होते. रात्रभर त्याने माझी डिस्क कणाकणाने नव्या, दुप्पट मोठ्या डिस्कवर उतरवली. खराब झालेले काही कण सोडून. दुसऱ्या दिवशी ती बॉक्समध्ये घालून चालू केली. पडद्यावर सूचना आली, की नवी डिस्क आढळली आहे, वापरण्यापूर्वी ती पुसली जाईल. ‘नाही’ म्हटले तर रेकॉर्डिंगची सोयच बंद. ‘हो’ म्हटले की आईची कीर्तने, सचिन, सगळे साफ. कंपनीच्या मदत केंद्रावरची मुलगी अतिशय नम्रपणे म्हणाली, ‘‘सर, आपल्याला नवा बॉक्स मिळेल. जुनं रेकॉर्डिंग त्यात येणार नाही.’’ कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या मुलीचा तर काहीच दोष नाही.

कायदा काय म्हणतो? व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात हॉलिवूडच्या स्टुडिओंनी सोनीवर खटला भरला होता. घरी रेकॉर्ड करणे ही चोरी आहे, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते फेटाळले. कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी घरी टिपून ठेवणे गैर नाही, असा तो निकाल. एका मताने जग वाचले म्हणायचे. आपल्याकडे तर प्रश्न इतका ताणायचीही गरज नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३९ सांगते, की रेकॉर्ड करणाऱ्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या ध्वनी वा दृश्य मुद्रणाने प्रक्षेपणाच्या हक्काचा भंग होत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने याच कायद्यात कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा शब्द तिथे आहे, हे बरे झाले. आणि लगेच पुढे म्हटले आहे, की कायद्याने ज्याला स्पष्ट मनाई नाही अशा कामासाठी कुणी काही केले तर हे कलम आड येणार नाही. मात्र अशा कामात जो दुसऱ्याला मदत करील, त्याने त्या दुसऱ्याचे नाव, पत्ता आणि इतर तपशील यांची पूर्ण नोंद ठेवावी. मी हे तपकीर गल्लीतल्या त्या तरुणाला वाचून दाखवले. त्याच्याकडे वही होती. तिच्यात उधारी होती. ‘‘काका, तुमचं नाव लिहू का मग?’’ असे त्याने विचारले. विनोद सोडा, पण मुद्दा गंभीर आहे. कायदा घरगुती रेकॉर्डिंगला मोकळीक देतो, कुलूप तोडणाऱ्याचा हेतू पाहायला सांगतो, मदतनिसासाठी वहीची तरतूदही करतो. पण कंपनीने कुलूप असे बनवले की ती मोकळीक वापरताच येऊ नये, तर तिला जाब विचारणारे कलम मात्र त्यात नाही. दिलेला हक्क ही सवलत होते, आणि सवलत कुणी नाकारली तर दाद मागायला जागा नसते.

इथे तरुण वाचक म्हणतील, की आजोबा, हे सगळे कशाला? आता सगळेच मोबाइलवर मिळते. सचिनच्या बाबतीत हे खरे आहे. त्याचे निरोपाचे भाषण पुसले गेले म्हणून जगाचे काही बिघडले नाही. पण ‘सगळे मिळते’ ही समजूत तपासून पाहावी. मिळते ते कुणाला तरी ठेवावेसे वाटले म्हणून, आणि परवान्याची मुदत संपेपर्यंत. गावोगावच्या बातम्या, सकाळच्या गप्पा, कीर्तने, शेतीचे सल्ले, पालखीचे थेट चित्रण, यांतले किती कुठे आहे? उपग्रह वाहिन्यांना सरकारचा नियम असा, की प्रक्षेपित केलेल्या मजकुराची नोंद ९० दिवस ठेवावी. तक्रार आली तर तपासता यावे म्हणून. ९० दिवस! त्यापुढे ठेवायचे की नाही, ही वाहिनीची मर्जी. पुस्तकांसाठी १९५४ सालचा कायदा आहे. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावीच लागते, आणि दोन वर्षांनी वृत्तपत्रेही त्यात आली. म्हणून शंभर पानांची कुणी न वाचलेली कादंबरी कोलकात्यात सुखरूप असते. टीव्हीवरचे शब्द त्या कायद्याच्या हद्दीबाहेर आहेत.

अशा वेळी घरोघरच्या रेकॉर्डिंगचे मोल कळते. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. त्यात ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे कितीतरी भाग गेले. पण त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरला होता. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या ग्रंथपाल बाईंनी तीसेक वर्षे, २०१२ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत, घरातल्या अनेक यंत्रांवर बातम्यांच्या वाहिन्या अहोरात्र रेकॉर्ड केल्या. मागे हजारो कॅसेटींचा डोंगर राहिला. शेजारीपाजारी त्यांना विक्षिप्त समजत असतील. वाहिन्यांनी स्वतः न ठेवलेले आज त्यांच्या कॅसेटींवर सापडते.

पुण्याला तर हे सांगायलाच नको. लॉ कॉलेज रस्त्यावरचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभे राहिले. ते उभे करणारे पी. के. नायर २०१६ साली याच गावात वारले. काय चांगले आणि काय टाकाऊ हे आज ठरवू नका, सगळे जपा, असा त्यांचा आग्रह असे. दादासाहेब फाळक्यांच्या घराण्याकडून ‘राजा हरिश्चंद्र’ची रिळे मिळवली ती त्यांनीच. म्हणजे आपल्या पहिल्या चित्रपटाचे जे काही उरले, तेही अखेर एका घरातल्या माणसांनी जपले म्हणून. आणि ८ जानेवारी २००३ ला याच शहरात, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागून नायट्रेटच्या जुन्या फिल्मची किती रिळे जळाली, ते पुणेकरांनी वाचलेले आहे. एकाच जागी, एकाच प्रतीत ठेवलेल्या वस्तूचे असे होते. टीव्हीचे संग्रहालय तर आपल्याकडे त्या अर्थाने नाहीच. जे आहे ते टीव्हीखालच्या बॉक्समध्ये आहे, झिजत्या डिस्कवर, एकाच प्रतीत.

वाहिन्यांच्या आणि निर्मात्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. रेकॉर्डिंग पूर्ण उघडे ठेवले तर सायंकाळी लागलेला सिनेमा रात्री पेन ड्राइव्हवर विकायला येईल. येतोच. म्हणून मी कुलूपच नको असे म्हणत नाही. बॉक्सच जळाला, किल्लीच गेली, तर काय करावे हा प्रश्नही अवघड आहे, त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. पण त्याच बॉक्समध्ये डिस्क वाढवणे हा प्रश्न अवघड नाही. त्याला लागते ती बॉक्सच्या आज्ञावलीतली एक ओळ, ‘पुसू का?’च्या जागी ‘उतरवून घेऊ का?’ विचारणारी. बॉक्स विकताना, यात साठवलेले बाहेर काढता येणार नाही, एवढे ठळक अक्षरांत छापायलाही खर्च येत नाही. केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात एक पोर्टलही उघडले. शेतीची अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे, वाहने असे चार विभाग त्यात घेतले. चांगले झाले. पण तिथे विचार आहे तो यंत्राच्या दुरुस्तीचा. सुटे भाग मिळावेत, माहितीपुस्तिका मिळावी. यंत्र दुरुस्त झाले आणि आतले गेले, तर त्याला दुरुस्ती म्हणावे का, हे कुणीतरी तिथे विचारायला हवे. दवाखान्यातून माणूस बरा होऊन आला पण घरच्यांना ओळखेनासा झाला, तर आपण पेढे वाटत नाही.

गंमत अशी, की उपाय आपल्याच सरकारच्या दारात आहे. दूरदर्शनची डीडी फ्री डिश, २००४ च्या डिसेंबरात ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालेली. तिच्या खुल्या वाहिन्यांसाठी बाजारात मिळणाऱ्या साध्या बॉक्सपैकी कित्येकांना मागे पेन ड्राइव्ह लावायची खाच असते. रेकॉर्ड केलेले सह्याद्रीचे कीर्तन त्या पेन ड्राइव्हवर साध्या रूपात उतरते, संगणकावर चालते, मुलीला पाठवता येते, जागा संपली की दुसरा पेन ड्राइव्ह. वर्गणी नाही. तपकीर गल्लीतल्या त्याच दुकानात असा बॉक्स शेल्फवर धूळ खात होता. महागड्या बॉक्सला जे जमत नाही ते त्याला जमते, कारण त्याला कुणी अडवलेले नाही. दूरदर्शनवर काहीही टीका करावी, पण हे श्रेय तिला द्यायला हवे. मी तो बॉक्स घेतला.

आईच्या अकरा सेकंदांचे काय झाले, असे कुणी विचारील. डिस्क टक् टक् करू लागली त्या पहिल्याच संध्याकाळी मुलाने टीव्हीसमोर मोबाइल धरून ते चित्रित करून घेतले होते. दुसऱ्या दिवसापासून ते रेकॉर्डिंग उघडेना. घाईत कुणाला दार लावायचे किंवा पंखा बंद करायचे सुचले नाही. चित्र थोडे तिरपे आहे, टीव्हीच्या काचेत ट्यूबलाइट दिसते. लाडवांचे ताट हातात धरून आई माईककडे न बघता वारकऱ्यांकडे बघत म्हणते, ‘‘दरवर्षी येते. पाय दुखतात आता, पण’’ आणि तिथे आमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होते.